फाउंडेशन दोन तासांत फाटतं, पॅची होतं? आधी कधी आणि कुठे बिघडतं ते बघा

हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की आज एकदाच सविस्तर लिहून टाकते. फाउंडेशन लावल्यावर पहिला अर्धा तास चेहरा छान एकसारखा दिसतो, मग नाकाच्या कडेला रंग तुटायला लागतो, हनुवटीवर पापुद्रे दिसतात, डोळ्यांखाली रेषा पडतात आणि दुपारपर्यंत सगळं पॅची होऊन जातं. मग दुसऱ्या कंपनीची बाटली आणली जाते, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं. माझं म्हणणं असं की बाटली बदलायचा विचार सगळ्यात शेवटी करा, कारण बहुतेक वेळा बिघाड फाउंडेशनच्या खाली असतो, म्हणजे त्या दिवशी त्वचा कशी आहे, तिच्यावर आधी काय काय लावलंय आणि ते बसायला वेळ दिलाय का.

त्यामुळे पहिलं काम निदानाचं. एखाद्या दिवशी नेहमीसारखाच मेकअप करा, खिडकीजवळ उभं राहून फिल्टर न लावता फोटो काढा, मग दोन तासांनी त्याच जागी, मग दुपारी, मग संध्याकाळी. रोज आरशात बघून जे लक्षात येत नाही ते चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसतं. लावता लावताच बारीक गुठळ्या सुटत असतील तर खालचे थर एकमेकांशी जमत नाहीयेत, लावून सुकल्या सुकल्या पापुद्रे उठून दिसत असतील तर त्वचा कोरडी आहे किंवा सोलतेय, तासाभरात हसण्याच्या रेषांत आणि डोळ्यांखाली जमा होत असेल तर प्रॉडक्ट जास्त झालंय, आणि तीन-चार तासांनी नाक, कपाळ, हनुवटी इथूनच सुटत असेल तर ते तेलाचं काम आहे. चारही गोष्टींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला की उलट बिघडतं. कोरड्या त्वचेवर मॅट प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा, चमक कमी करणारा थर) आणि वर पावडर, हा गोंधळ तर सर्रास दिसतो.

अजून एक, एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रायमरवर शंका असेल तर अर्ध्या चेहऱ्यावर प्रायमर लावा, अर्ध्यावर नको, बाकी सगळं सेम. संध्याकाळी दोन्ही गाल बघा. एकदम प्रायमर पण नवीन, स्पंज पण नवीन, पावडर पण नवीन असं केलं तर सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळणार नाही.

आता एकेक घेते.

लावतानाच गुठळ्या निघतात, याला पिलिंग म्हणतात, आणि सध्या याच्याच तक्रारी सगळ्यात जास्त आहेत कारण आपण फाउंडेशनच्या आधी चेहऱ्यावर फार काही लावायला लागलोय. टोनर, सीरम, अजून एक सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर. यातल्या बऱ्याच गोष्टींमध्ये कार्बोमर, झँथन गम असे घट्टपणा देणारे घटक असतात किंवा सिलिकोन असतात, ते त्वचेत मुरत नाहीत, वर पातळ पापुद्रा धरून बसतात. असे चार-पाच पापुद्रे एकावर एक आले आणि खालचा ओलसर असतानाच वरचा घासून लावला की सगळं गोळा होऊन बोटाखाली वळकट्या होतात. तुम्हाला वाटतं फाउंडेशन खराब आहे, पण त्याच्या गुठळ्यांत सगळ्यात जास्त सीरम आणि सनस्क्रीनच असतं. तपासायचं असेल तर फाउंडेशन न लावता नेहमीचे सगळे थर लावा, पाच मिनिटं थांबा आणि गालावर कोरडं बोट हलकं फिरवा. तेव्हाच वळकट्या आल्या तर फाउंडेशनची निर्दोष सुटका.

उपाय म्हणजे थर कमी करा. मेकअपच्या दिवशी सकाळी एक मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढं पुरतं, सीरम रात्री लावा. मॉइश्चरायझर लावल्यावर पाच-एक मिनिटं आणि सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात केस करून घ्या, कपडे घाला, काहीही करा पण चेहऱ्याला हात लावू नका. आणि मग फाउंडेशन घासायचं नाही, थापटत थापटत बसवायचं.

इथेच तो नेहमीचा नियम येतो की वॉटर बेस्ड प्रायमरवर वॉटर बेस्ड फाउंडेशन आणि सिलिकोनवर सिलिकोन. नियमात तथ्य आहे पण तो जितका सरळ सांगितला जातो तितका सरळ नाही. बाटलीवर घटकांच्या यादीत पहिलं नाव पाणी असलं की लोक त्याला वॉटर बेस्ड म्हणून मोकळे होतात, पण बाजारातली खूपशी लिक्विड फाउंडेशन ही सिलिकोनमध्ये पाण्याचे थेंब अशा प्रकारची मिश्रणं असतात, त्यात पाणी पहिलं आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन असतं. म्हणजे नाव शेवटी कोन किंवा सिलोक्सेनवर संपत असेल आणि यादीत वरच्या चार-पाचात असेल तर ते सिलिकोनचंच समजा. यादी वाचत बसायचा कंटाळा येत असेल तर हाताच्या मागच्या बाजूला प्रायमरचा आणि फाउंडेशनचा एकेक थेंब घेऊन बोटाने मिसळून बघा, एकजीव झालं तर चांगलं चिन्ह आहे, फुटून दाणेदार झालं तर ती जोडी चेहऱ्यावर भांडणार. आणि खरं सांगायचं तर प्रायमर सगळ्यांना लागतोच असं नाही. मोठी रोमछिद्रं असतील किंवा तेल फार येत असेल तर तेवढ्याच जागी लावा, बाकी चेहऱ्यावर नीट मुरलेलं मॉइश्चरायझर हाच चांगला प्रायमर असतो.

सनस्क्रीनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, गुठळ्या नकोत म्हणून सनस्क्रीन सोडू नका. आणि फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे म्हणून वेगळं सनस्क्रीन नको हा हिशोबही चुकतो, कारण बाटलीवरचा आकडा हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो, आणि तेवढं फाउंडेशन कोणीच लावत नाही, लावलं तर चेहरा लिंपल्यासारखा दिसेल. सनस्क्रीनमध्ये फाउंडेशन मिसळून एकत्र लावणंही टाळा, त्याने सनस्क्रीनचा थर सलग बसत नाही आणि संरक्षण किती उरलं ते कळायला मार्ग नसतो.

पापुद्रे दिसण्याचं कारण सापडायला कधी कधी वेळ लागतो. माझ्या मामेबहिणीचं फाउंडेशन फक्त तोंडाच्या कोपऱ्यांशी आणि नाकाच्या बाजूला सोलून निघायचं, बाकी चेहरा एकदम व्यवस्थित. ती म्हणायची ताई मी एवढं मॉइश्चरायझर लावते तरी असं का. विचारलं रात्री काय लावतेस, तर पिंपल्ससाठी डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन दिलेलं. मग सगळं जुळलं. रेटिनॉइड (ट्रेटिनॉइन याच गटातलं), बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲसिडवाली सीरमं यांनी त्वचा सोलते, आणि नाकाच्या घडीत, तोंडाच्या कोपऱ्यात क्रीम जास्त साठतं म्हणून तिथेच जास्त सोलते. तिने डॉक्टरांना विचारून क्रीमचं प्रमाण आणि मधले दिवस ठरवून घेतले, आणि क्रीम लावायच्या आधी त्या कोपऱ्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यायला सुरुवात केली. फाउंडेशन तेच, प्रायमर तोच, पण सोलणं थांबलं.

असे पापुद्रे दिसले की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे स्क्रब घेऊन चेहरा घासणं, तेही निघायच्या आधी. नका करू. सोलणारी त्वचा घासली की खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि फाउंडेशन तिला असमान चिकटतं, म्हणजे आणखी पॅची. मृत त्वचा काढायची असेल तर आठवड्यात एक-दोनदा सौम्य एक्सफोलिएंट, रात्री, आणि मेकअपच्या किमान एक दिवस आधी. रेटिनॉइड चालू असेल तर तेही आधी डॉक्टरांना विचारूनच. ऐनवेळी पापुद्रे असतील तर त्यावर जाडसर मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं ठेवा, मग टिश्यू दाबून जास्तीचं उचला आणि तेवढ्या जागी फाउंडेशन अगदी नावापुरतं, पावडर नाहीच.

तेलकट त्वचेवाल्यांचं दुखणं वेगळं. कपाळ, नाक, हनुवटी या पट्ट्यात, म्हणजे टी-झोनमध्ये, तेलग्रंथी जास्त असतात, तेल खालून वर येतं आणि फाउंडेशनच्या थराला सैल करतं. मग रंग रोमछिद्रांभोवती गोळा होतो आणि नाकावर टिपके टिपके दिसतात. यावर जाड थर हा उपाय नाही, उलट जेवढा थर जाड तेवढा तो मोठ्या तुकड्यांत सुटतो. टी-झोनला मॉइश्चरायझर कमी आणि जेलसारखं हलकं घ्या, पण पूर्ण बंद करू नका. फाउंडेशनच्या आधी नाकावर आणि कपाळावर अगदी हलकी पावडर दाबून घेतली तर तेल थोडं उशिरा वर येतं, हे खूप जणींना चालतं, मात्र गालावर हा प्रयोग नको.

दिवसभरात चमक आली की लगेच कॉम्पॅक्ट थापू नका. तेलावर पावडर बसली की तिचा लगदा होतो आणि केकी दिसतं ते यामुळेच. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू घ्यायचा, पुसायचं नाही, जागेवर ठेवून दाबायचं आणि सरळ वर उचलायचं, मग गरज वाटली तरच पावडर. बऱ्याचदा लागतच नाही.

घाम मात्र तेलापेक्षा वेगळा आहे. घाम थेंबाथेंबाने येतो आणि फाउंडेशनचा पापुद्रा खालून उचलतो, त्या क्षणी रुमाल फिरवला की पट्टा निघाला. दाबून टिपायचं, आणि घाम पूर्ण थांबेपर्यंत वर काहीही लावायचं नाही. अंघोळ करून लगेच मेकअपला बसलात तरी हाच त्रास होतो, शरीर आधी थंड होऊ द्या.

आता लावायची पद्धत, कारण माझ्या मते निम्मं यश इथे आहे. जास्त टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये आयसोडोडेकेनसारखे पटकन उडून जाणारे द्रव असतात, ते उडाले की मागे रंग धरून ठेवणारा पापुद्रा राहतो, टिकाऊपणा त्यातूनच येतो. म्हणजे हे फाउंडेशन हलवायला वेळ कमी मिळतो, एकदा बसायला लागलं आणि तुम्ही परत ब्रश फिरवलात की अर्धवट बसलेला पापुद्रा फाटतो. म्हणून आख्ख्या चेहऱ्यावर डॉट डॉट देऊन मग निवांत पसरवत बसायची जी सवय आहे ना, ती लाँग वेअर फाउंडेशनला अजिबात चालत नाही. एक गाल घ्या, तो पूर्ण करा, मग दुसरा, मग कपाळ, मग हनुवटी, आणि नाक सगळ्यात शेवटी.

नाकाला नवीन फाउंडेशन घेऊच नका. ब्रशला किंवा स्पंजला जे उरलंय तेच पुरतं. नाकपुडीच्या बाजूची जी घडी आहे तिथे स्पंजचं टोक आत घालून दोन-तीनदा टॅप करा, मग नाक थोडं दुसऱ्या बाजूला ओढून घडी उघडा आणि तिथे जमलेलं कोरड्या कापसाच्या काडीने उचलून घ्या. हो, उचलून घ्या, तिथे जवळपास काहीच नको. त्या घडीत तेल आहे, हालचाल आहे, सर्दी असेल तर दिवसभर रुमाल आहे, तिथे कुठलंच फाउंडेशन जाड थरात टिकत नाही. मग पावडर अगदी थोडी, पफला घेऊन हाताच्या मागे झटकून, दाबून. चष्मा असेल तर चष्म्याच्या नाकावरच्या जागी पण हेच करायचं.

प्रमाणाबद्दल: आख्ख्या चेहऱ्याला एक पंप किंवा त्याहून कमी घेऊन सुरू करा. मधून बाहेरच्या बाजूला जा, कारण डाग आणि लाली साधारण नाक-तोंडाच्या आसपास जास्त असते आणि कडांना फारसं लागत नाही. एक पातळ हात बसला की मग जिथे डाग दिसतोय तिथेच दुसरा हात किंवा कन्सीलर (डाग झाकणारं घट्ट क्रीम). आणि पिंपलचा उंचवटा कुठल्याही फाउंडेशनने सपाट होत नाही, रंग झाकला जातो, उंची तीच राहते, त्यामुळे त्याच्यावर थरावर थर चढवू नका, ते लांबून जास्त दिसतं.

स्पंज ओला करून, घट्ट पिळून, मग टॉवेलमध्ये परत एकदा दाबून घ्या. कोरडा स्पंज फाउंडेशन पिऊन टाकतो आणि पाणी निथळणारा स्पंज फाउंडेशन पातळ करून धब्बे पाडतो. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा तरी धुवा, जुन्या प्रॉडक्टने कडक झालेला ब्रश रेघा मारतोच.

डोळ्यांखाली रेषा पडणारच, तिथली त्वचा सगळ्यात पातळ आणि दिवसभर हलणारी. तिथे फाउंडेशन नको, थोडं कन्सीलर फक्त आतल्या कोपऱ्यात आणि जिथे काळसर आहे तिथे. जाड आय क्रीम लावलं असेल तर टिपून घ्या. कन्सीलर लावल्यावर मिनिटभर थांबा, रेषेत जे गोळा होईल ते बोटाने हलकं सपाट करा आणि लगेच चिमूटभर पावडर. रेषा पडून गेल्यावर वरून पावडर घातली तर त्या पक्क्या होतात.

दुपारी रंग गडद किंवा नारिंगी होतो त्याला सगळे ऑक्सिडाइज झालं म्हणतात. फाउंडेशनमधला रंग मुख्यतः आयर्न ऑक्साइडचा असतो, तो आधीच ऑक्साइड असतो, त्यामुळे हवेने तो आणखी गंजतो हे काही खरं नाही. होतं असं की उडणारे द्रव उडतात, त्वचेचं तेल रंगाच्या कणांत भिनतं आणि ओला कपडा जसा कोरड्यापेक्षा गडद दिसतो तसा तो रंग गडद दिसायला लागतो. म्हणून शेड ठरवताना मनगटावर नाही तर जबड्याच्या कडेला लावा, अर्धा-एक तास जाऊ द्या आणि मग दिवसाच्या उजेडात बघा. तेलकट त्वचा असेल आणि दोन शेडमध्ये अडकला असाल तर फिकी घ्या. चेहरा राखाडी दिसत असेल तर मात्र बहुतेकदा अंडरटोन (त्वचेखालची पिवळसर किंवा गुलाबीसर झाक) चुकलेला असतो, तिथे शेड गडद करून उपयोग नाही.

पावडर आणि स्प्रे यात फरक आहे तो एकदा समजून घ्या. सेटिंग स्प्रे म्हणून विकलं जाणारं सगळं टिकाऊपणासाठी नसतं. ज्यात अल्कोहोल आणि फिल्म धरणारे घटक असतात ते मेकअप धरून ठेवतात, आणि ज्यात मुख्यतः पाणी-ग्लिसरीन असतं ते फक्त पावडरचा कोरडेपणा घालवून चेहरा ताजा दाखवतात. कोरड्या त्वचेला दुसरा प्रकार छान, पण त्याच्याकडून आठ तासांची अपेक्षा ठेवू नका. हातभर लांबून मारा, सुकेपर्यंत हसू-बोलू नका. क्रीम ब्लश, क्रीम कॉन्टूर हे सगळं पावडरच्या आधी, पावडरवर क्रीम फिरवलं की हमखास डाग पडतात. आणि फ्लॅशमध्ये फोटो असतील तर सिलिकावाली पांढरी पावडर जास्त लावू नका, डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात, घरीच आधी एक फ्लॅश फोटो काढून खात्री करा.

हे सगळं सुधारूनही त्याच जागी तसंच फाटत असेल, तर आता बाटलीकडे बघा. मागच्या बाजूला उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ किंवा १८ असा आकडा असतो, ते उघडल्यापासूनचे महिने. तेल वर तरंगत असेल तर आधी जोरात हलवून बघा, कित्येक फाउंडेशनला ते लागतंच, पण हलवूनही एकजीव होत नसेल, वास बदलला असेल तर टाकून द्या. खाज, जळजळ किंवा पुरळ येत असेल तर त्याच दिवशी बंद करा आणि राहिलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, त्यावर दुसरं फाउंडेशन लावून झाकू नका.

नवीन घ्यायचंच असेल तर तेलकट त्वचेला लाँग वेअर, मॅट, पातळ द्रव असलेलं, कोरड्या त्वचेला सॅटिन (हलकी चमक) किंवा ड्यूई (ओलसर चमक) फिनिशचं, आणि मिश्र असेल तर सॅटिन घेऊन फक्त टी-झोनला पावडर. विकत घ्यायच्या आधी सँपल मागा किंवा टेस्टरमधून अर्ध्या चेहऱ्याला लावून दिवसभर फिरा, आणि तेच चार फोटो त्याच खिडकीत परत काढा.